शेठच्या सिगारी आणि ओव्याची धुरी

मी मराठी तिसरी शिकलो, तीही पुरी नाही. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. थोरली सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी नीट लिहून देते. मी नको म्हटलं. ही गोष्ट दुसऱ्याच्या हातानं लिहून घ्यायची नाही.

लोणावळ्याला एका पारशी शेठच्या बंगल्यावर मी रखवालीला होतो. दुसरी लढाई लागली त्याच्या आधीची तीन-चार वर्षं धरा. माझं गाव तिकोणा पेठेच्या अंगाला. भाताची खाचरं भावांच्या हवाली करून मी बायकोला घेऊन इकडे आलो. शेठ मुंबईला राहायचे. उन्हाळ्यात दोन महिने यायचे आणि पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा. मधल्या दिवसांत बंगला बंद. मागच्या खोल्यांत आम्ही नवराबायको आणि शेजारच्या खोलीत खानसामा.

खानसामा म्हणजे सोमाटण्याचा एक म्हातारा मुसलमान. बोलणं आमच्यासारखंच मावळी. सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही. तो मला पाटील म्हणायचा. आमच्या घराण्यात कुणी पाटील नव्हतं. माझा ताठा बघून त्यानं ते नाव पाडलं होतं, आणि मला ते आवडायचं हे त्याला ठाऊक होतं.

चाचाचा स्वयंपाक बरा होता, पण शेठनी त्याला वीस वर्षं ठेवला तो स्वयंपाकासाठी नाही. शेठना सिगारींचा शौक. आपल्या इस्टेशनावर मिळतात ते चिरूट नव्हेत. सातासमुद्रापलीकडून जहाजानं यायच्या, एकेक सिगार अंगठ्याएवढी जाड, तपकिरी, तेल चोपडल्यासारखी तुकतुकीत. त्या एका लाकडी पेटीत असायच्या. पेटी उघडली की देवदाराचा, मनुकांचा आणि कोरड्या चामड्याचा मिळून एक वास यायचा. त्या पेटीची किल्ली चाचाच्या करदोड्याला.

लोणावळ्याचा पाऊस ज्यानं काढलाय त्याला ओलावा काय ते सांगायला नको. ढगच खिडकीतून आत येऊन बसतो. मिठाच्या बरणीत पाणी होतं, आगपेटी घासून घासून गुलाचा चिखल होतो, आठ दिवस न घातलेल्या चपलेला हिरवी लव येते. आणि तेच लोणावळं माघ-फाल्गुनात असं कोरडं पडतं की ओठ फुटतात. या दोन्हीतून ती पेटी सुखरूप काढायची, हे चाचाचं काम.

त्याच्याकडे भाजक्या मातीची एक खापरी होती, तळहाताएवढी. कोरड्या दिवसांत ती पाण्यात बुडवायची, फडक्यानं टिपायची आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवायची. ती हळूहळू ओलावा सोडायची. पावसाळ्यात तीच खापरी चुलीमागं ठेवून ठणठणीत कोरडी करायची, गार होऊ द्यायची आणि मग आत ठेवायची. आता ती जास्तीचा ओलावा पिऊन घ्यायची. किती दिवस ठेवायची, कधी काढायची, याला माप नव्हतं. चाचा एक सिगार उचलायचा, कानाशी न्यायचा आणि दोन बोटांत हलकेच दाबायचा. करकरली तर कोरडी. खड्डा पडून तसाच राहिला तर सादळली. दाबलेली जागा हळूच वर आली की म्हणायचा, "ही बघ पाटील, तान्ह्या पोराचा गाल."

एकदा मी विचारलं, एवढी कसली मिजास या तंबाखूची? तेव्हा त्यानं सांगितलं. कोरडी सिगार भसाभसा जळते, धूर तोंडाला चटका देतो, आणि ज्या वासासाठी माणूस ती ओढतो तो वास आधीच हवेत उडून गेलेला असतो. ओली असली तर ओढून ओढून गाल दुखतात, मधेच विझते, जिभेवर कडवट राहतं. दोन्हीच्या मधे बोटभर जागा. शेठ पाहुण्यांना सांगायचे, "सिगार माझी असेल, पण तिची मजा चाचाच्या बोटांत आहे." तेव्हा चाचा ट्रे घेऊन दारात उभा असायचा आणि ऐकलंच नाही असं तोंड करायचा. पण मागं आला की मला दोनदा सांगायचा, शेठ काय म्हणाले ते.

त्या साली श्रावणात चाचाला हिवताप धरला. दोन दिवस तर त्याला स्वतःची खोली ओळखू येईना. तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा त्याला न्यायला आला. निघताना चाचानं किल्ली माझ्या हातात दिली. अंगात ताप होता, पण बोलणं चालूच.

"पाटील, शुक्रवारच्या शुक्रवारी उघडायची. खालच्या वर, वरच्या खाली करायच्या. खापरी कोरडी करून..."

"मला म्हाईत हाय."

"आरं ऐक तरी. वर पांढरं दिसलं तर भिऊ नको. मऊ फडक्यानं..."

"चाचा, आमच्या परसात माझा बाप तंबाखू लावायचा. मी तंबाखूत जन्मलो. मला नगा शिकवू."

मुलगा हसला. चाचा हसला नाही. म्हणाला, "ती खायाची तंबाखू, गड्या. ही येगळी जात हाय." मी मान फिरवली. पांढऱ्याचं पुढचं वाक्य त्यानं सांगितलं असेल, मी ऐकलं नाही. माझं लक्ष माझ्या अपमानात होतं.

महिनाभरापूर्वी मला पहिली मुलगी झाली होती. लोणावळ्याच्या त्या ओलीत तान्हं मूल जगवणं म्हणजे रात्रंदिवस विस्तव राखणं. शेगडीत निखारे, त्यावर एक मोठं बांबूचं डालगं उपडं, आणि त्यावर लंगोट, दुपटी, टोपडी वाळत घातलेली. दिवसातून दोनदा निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली टाकून धुरी. मुलीला त्या धुरावर हातावर धरायचं. सगळ्या खोलीला ओव्याचा वास. माझ्या धोतरालासुद्धा.

दुसऱ्या शुक्रवारी मी पेटी उघडली आणि वरच्या सिगारींवर पांढरी भुकटी दिसली. एक दाबली. बोट रुतलं, खड्डा तसाच. खापरी मी वाळवायला काढली होती ती चुलीमागंच विसरली होती, हे त्या क्षणी ध्यानात आलं, पण मनात शब्द आला तो एकच. सादळली. आणि आमच्या घरात सादळलेल्या वस्तूला एकच औषध. पापड असो, बिडी असो, विस्तवावर धरायची.

मी पेटी घेऊन खोलीत आलो. डालग्यावरची दुपटी बाजूला केली आणि सिगारी ओळीनं मांडल्या.

बायको खाटेवरून म्हणाली, "अवो, ते शेठचं हाय. चाचांस्नी इचारून करा."

"चाचा सोमाटण्याला तापात पडलाय. त्याला काय तार करू?"

"मग ऱ्हाऊ द्या. आता धुरी घालायची वेळ हाय."

"घाल की. धुरानं काय हुतंय? तंबाखूला धुराचं काय भ्या?"

बाळंतीण, ती किती भांडणार? तिनं निखाऱ्यांवर ओवा टाकला. तडतड झाली. धूर डालग्यातून वर आला आणि सिगारींच्या अंगातून गेला. मी शेजारी मांडी घालून बसलो होतो आणि एकेक फिरवत होतो, भाकरी फिरवावी तशी. तासाभरानं त्या कुरकुरीत लागायला लागल्या. मला मनापासून समाधान वाटलं. पेटीत भरल्या, झाकण लावलं, आणि चाचा आला की त्याला काय ऐकवायचं ते सुद्धा ठरवून ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी उघडून बघतो तर पानं तडकलेली. उचलली की वरचं पान कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघून हातात. मी ओलं फडकं पिळून त्यांच्यावर घातलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी त्या फुगल्या होत्या आणि पाच-सहा उभ्या फाटल्या होत्या. मग मी फडकं काढलं, फाटलेल्या तळाशी घातल्या, बऱ्या वर लावल्या आणि किल्ली करदोड्याला बांधून टाकली. नंतरचे शुक्रवार मी ती पेटी उघडलीच नाही.

चाचा भादवा संपता संपता परत आला. अंगावर मांस उरलं नव्हतं. हिवतापावरचं कोयनेल खाऊन तोंडाची चव गेलेली, सगळं कडू लागतं म्हणायचा. किल्ली घेऊन तो थेट आत गेला. मी ओट्यावर मुलीला पायांवर घेऊन तेल लावत होतो. हे काम बाईमाणसाचं, पण त्या दिवशी मला हाताला काहीतरी काम हवं होतं.

बऱ्याच वेळानं तो पेटी दोन्ही हातांत धरून बाहेर आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"पाटील, काय झालं हितं?"

"कुटं?"

त्यानं झाकण उघडलं. मी वाकून बघितलं, पहिल्यांदाच बघतोय असं. "आगाई," म्हटलं. हा शब्दसुद्धा मी म्हटला.

"तू काय केलंस का? खरं सांग. मला राग यायचा न्हाई, शेठलाबी सांगायचा न्हाई मी. मी सांगीन पावसानं गेल्या."

"मी कशाला काय करू? तुमी सांगितलं तसं केलं."

त्यानं पेटीचं झाकण लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आरं, मला ताप भरला ते दोन दिस मला आठवत न्हाईत. त्या दिसांत मी पेटी उघडली का, कुटं ठिवली का, कायबी याद न्हाई. तू केलं आसंल तर माझं मन निवांत हुईल. तू न्हाई केलं, तर मग मीच केलं. आन मी आसं केलं आसंल, तर ह्या बोटांत आता काय ऱ्हायलं न्हाई."

इतकं सरळ त्यानं माझ्यापुढं मांडलं होतं. नोकरी जाण्याची भीती नव्हती, तो सांभाळून घेतो म्हणाला होता. पण मला कबूल करायचं म्हणजे 'मला नगा शिकवू' म्हणालेलं तोंड खाली घालावं लागत होतं. तेवढं माझ्यानं झालं नाही. आणि नुसतं नाही म्हणून भागलं असतं, पण माझा स्वभाव असा की खोट्यालासुद्धा पुरता जोर लावायचा. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, टाळू अजून भरली नव्हती, बोटांखाली लकलक करत होती, आणि म्हणालो, "हिची आण. मी न्हाई काय केलं."

चाचा घाईघाईनं म्हणाला, "आरं आरं, पोरीची आण कशापायी? बस झालं. माझा इस्वास हाय." त्यानं माझा हात मुलीच्या डोक्यावरून उचलून बाजूला केला आणि तिला काहीतरी पुटपुटून फुंकर घातली. मग पेटी घेऊन गेला.

बायको दारात उभी होती. तिनं मुलीला माझ्या पायांवरून उचललं. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची ते ताट आपटून.

चाचानं त्या सिगारींसाठी काय केलं नाही? खापरी ओली करून पेटीत न ठेवता पेटीबाहेर, एका मोठ्या डब्यात दोन्ही ठेवली, की ओलावा लांबून आणि हळू लागावा. सकाळ-संध्याकाळ कानाशी धरून बघायचा. दहा-बारा दिवसांत निम्म्या तरी सिगारी दिसायला धड झाल्या. मी लांबून बघायचो. एकदा म्हणाला, "आल्या गड्या वळणावर." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला वाटलं, निभावलं. कुणाचं काही गेलं नाही.

दसऱ्यानंतर शेठ आले. बरोबर त्यांचा जुना दोस्त, विलायतेहून आलेला डॉक्टर. ती पेटी दोन वर्षं त्याच्यासाठीच मुरवत ठेवली होती. जेवणं झाली, दोघं व्हरांड्यात बसले. चाचानं ट्रे पुढं केला. मी पायऱ्यांशी कंदील पुसत होतो.

डॉक्टरांनी पेटवली. एक झुरका, दुसरा झुरका. मग सिगार तोंडातून काढून तिच्याकडे बघायला लागले.

"काय रे," शेठना म्हणाले, "ही हवानाची सिगार आहे की बाळंतिणीची खोली? ओव्याचा वास मारतोय हिला!"

शेठनी आपली ओढली. खोकले, आणि मग दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना. डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे, पोट साफ राहील." शेठ डोळे पुसत म्हणाले, "चाचा, आता म्हातारा झालास तू." रागानं नाही, लाडानंच म्हणाले.

चाचानं ट्रेमधली एक सिगार उचलली. नाकाशी धरली. पुन्हा धरली. मग माझ्याकडे बघितलं. "पाटील, ओव्याचा वास येतोय?"

तापानं त्याचं नाक बसलं होतं. त्याला काही येत नव्हतं. मला येत होता, पायरीवर बसून येत होता, महिनाभर त्याच वासात झोपलो होतो मी. त्या क्षणी बोललो असतो तरी चाललं असतं. शेठ हसतच होते, आणखी थोडं हसले असते, माझ्यावर.

मी म्हणालो, "व्हय चाचा. येतोय."

चाचानं मान डोलावली. ट्रे खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच शेठकडे रजा मागितली. शेठनी लाख समजावलं. म्हणाले, नुसता स्वयंपाक कर, सिगारींचं राहू दे. तो म्हणाला, "नाक गेलं तर सैपाक तरी कसा करू, शेठ? मसाल्याच्या फडताळात ठिवली आसंल मी पेटी, तापाच्या भरात. उद्या मिठाच्या जागी सोडा घालीन." किल्ली त्यानं माझ्या हातात दिली, आणि निघायच्या आधी चार दिवस बसून मला सगळं शिकवलं. या वेळी मी ऐकलं. पांढऱ्याचंसुद्धा. वर नुसती कोरडी भुकटी असेल तर मऊ फडक्यानं पुसायची आणि खापरी पुन्हा कोरडी करून ठेवायची. एवढंच होतं ते.

त्यानंतर सहा वर्षं मी ती पेटी राखली, आणि चांगली राखली. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, झालं ते झालं. लढाईत सिगारी मिळेनाशा झाल्या तेव्हा शेठ आठवड्यातून एक ओढायचे, आणि ती एक तरी बरोबर असायची. पाहुण्यांना ते माझ्याबद्दल तेच वाक्य सांगायला लागले, नुसतं चाचाच्या जागी माझं नाव घालून. मी ट्रे घेऊन दारात उभा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ट्रे ठेवून मागं निघून गेलो. नंतर नंतर सवय झाली. ही सवय झाली तेच मला अजून खातं.

मुलीला ताप आला, खोकला झाला, की मी घरात थांबत नसे. अंगणात फेऱ्या मारायचो. बायको समजायची. मुलीला काही झालं नाही. आज तिला नातवंडं आहेत.

ती पाचेक वर्षांची झाल्यावर एका रविवारी मी तळेगावला उतरून चालत सोमाटण्याला गेलो. ठरवून गेलो होतो. चाचा अंगणात बाजेवर बसला होता. मला बघून दोन्ही हात पसरले. "पाटील आलं! आगं, पाटील आलं," असं सुनेला आत हाक मारून सांगितलं. अंग धरलं होतं त्यानं पुन्हा. ताप कधीच गेला होता.

मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. खापरी चुलीमागं राहिली, सिगारी डालग्यावर मांडल्या, धुरीत धरल्या, ओलं फडकं घातलं. सगळं. जमिनीकडं बघत सांगितलं.

चाचानं ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"लय गुणाचा हाईस रं तू."

"चाचा, मी खरं सांगतोय."

"आरं व्हय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हून एवढं लांब आलास. पर मी का खुळा हाय? तू पोरीच्या डोक्यावर हात ठिवला व्हतास माझ्यासमोर."

"ती आण खोटी व्हती."

तो एकदम गंभीर झाला. कानांना हात लावले. "आसं बोलू नगंस. बाप कंदी तान्ह्या पोरीची खोटी आण घेतो का? माझ्यापायी आपल्या लेकरावर आसलं बोलू नगंस, पाटील. मला न्हाई चालायचं."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं. मी हट्टी, पण तो माझ्याहून हट्टी निघाला. जितकं मी सांगावं तितका त्याला मी भला माणूस वाटायला लागलो. शेवटी हसत म्हणाला, "बरं बाबा, तूच केलंस. झालं समाधान?" आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

सून दुधाचं भांडं घेऊन बाहेर आली. "मामा, सकाळचं हाय. चालंल का बगा."

चाचानं भांडं हातात घेतलं, पण नाकाशी नेलं नाही. वास बघायची त्याची सवयच मोडली होती. भांडं त्यानं माझ्याकडं केलं.

"तूच बग. तुझ्या नाकाचा भरवसा हाय मला."

मी वास घेतला. दूध ताजं होतं. तसं मी सांगितलं, आणि त्यानं मान हलवून भांडं सुनेच्या हाती परत दिलं.